उजव्या हाताचा मानपान

कोथरूड, पुणे
३ जानेवारी २०२५

सौ. इंदुबाई विहीणबाईंस,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ रूढीप्रमाणे लिहिलं आहे, मनावर घेऊ नये.

माझ्या विक्रमने आणि तुमच्या ऋतुजाने मिळून आपल्या दोघींच्या फोनवर बंदी घातली, हे तुम्हाला कळलंच असेल. म्हणे आपण जरा बोललो की घरातली दोन माणसं जेवत नाहीत. जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि लग्न होऊन महिना झाला नाही तोच सुनेने माझा फोन तोडला. एका परीने बरंच झालं. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो, पत्रात निदान पाळी लावावी लागेल. ऋतुजा शनिवारी माहेरी येते, तिच्या हाती पत्र देत जाईन. पाकीट खळ लावून चिकटवलं आहे. फुटलेलं मिळालं तर तुमच्या लेकीला विचारा, माझ्या मुलाला वाचनाची आवड नाही.

आता मुद्द्याचं. हात कसा आहे? हळदीच्या दिवशी फुगडी घालताना आपले हात सुटले आणि तुम्ही उजव्या तळहातावर आपटलात, हे सगळ्या मांडवाने पाहिलं. ज्यांचं हुकलं त्यांनी नंतर मोबाइलवर पाहिलं. हात कोणी सोडला या वादात मी पडत नाही. हळद कालवताना तेलाचा डबा कोणी उपडा केला होता, एवढंच स्वतःला विचारा. दवाखान्यात फोटो काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले, तेवढ्यावर तुम्ही मनगटाला पट्टी गुंडाळून दुसऱ्या दिवशी सगळ्या वऱ्हाडाच्या ओट्या भरल्यात. कौतुक आहे. पण ऋतुजा म्हणते, आई अजून हात पदराखाली ठेवते. बरा झालेला हात पदराखाली कशाला ठेवायचा?

संक्रांतीनंतरच्या शनिवारी ऋतुजाचं पहिलं हळदीकुंकू आहे. हलव्याचे दागिने आणून ठेवलेत. जरूर यावं. हात घेऊन यावं.

आपली,
उज्ज्वला आगाशे


लोणी काळभोर
५ जानेवारी २०२५

उज्ज्वलाताई विहीणबाईंना इंदुबाईचा नमस्कार.

पत्र हे लिवत्यात, कारण माझा चष्मा सापडत न्हाई. हाताचा काय संबंध न्हाई. हात झ्याक हाय. गावातल्या मालिशवाल्यानं तीनदा चोळला, लचक व्हती, गेली. तेल मी घातलं, कबूल. पर बोटं तुमची सुटली. गिरकीनं घाबरलात, तसं सरळ म्हना की.

चिमणीची धार दोन्ही वेळ मीच काढते. चिमणी म्हंजे आमची म्हैस. दुसऱ्या कुनाचा हात लागला तर ती पान्हा सोडत न्हाई.

हळदीकुंकवाला येते. पर एक आधीच सांगते, ऐनवेळी तमाशा नको. लेक ज्या घरात नांदती त्या घरचं अन्नपाणी आमी घेत न्हाई, तिला मूल होईस्तोवर. माझ्या आईनं पाळलं, तिच्या आईनं पाळलं. पाणी मी बाटलीत घेऊन येईन. तिळगूळ पदरात टाका, घरी गेल्यावर खाईन. राग मानू नका.

इंदुबाई

ता. क. वरील मजकूर सांगितल्याप्रमाणे शब्दशः लिहिला आहे. तथापि पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे. चष्मा तिच्या डोळ्यांवर आहे. मनगट फिरवले की आतून कट्ट असा आवाज येतो, शेजारच्या खोलीत ऐकू येतो. काल दुधाची चरवी हातातून निसटली. त्यानंतर डाव्या हाताने धार काढण्याचा प्रयत्न झाला, त्यास म्हशीने हरकत घेतली. लाथेची खूण माझ्या गुडघ्यावर आहे. सबब योग्य ती कार्यवाही व्हावी. हा मजकूर तिला वाचून दाखविलेला नाही.
आपला, दशरथ काळभोर, निवृत्त कारकून, साखर कारखाना


कोथरूड
२४ जानेवारी २०२५

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

तुम्ही रागावून गेलात. हळदीकुंकवाला थांबलात, लेकीला हलव्याचा मुकुट घातलात, फोटोत हसलात आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. ठीक आहे. पण बोलत नव्हतात म्हणजे ऐकतही नव्हतात, अशी मला शंका आहे. म्हणून त्या दिवशी मी तुम्हाला हाताच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते काय म्हणाले, ते लिहून पाठवते.

मनगटात आठ बारकी हाडं असतात. ती एकमेकांना पट्ट्यांनी बांधलेली असतात. तुम्ही पडलात तेव्हा हाड मोडलं नाही, त्यातल्या दोन हाडांना धरणारी पट्टी तुटली. हात सैल सोडून फोटो काढला की काही दिसत नाही, म्हणून लोणीत कुणाला दिसलं नाही. डॉक्टरांनी तुम्हाला मूठ आवळायला लावून फोटो काढला, तेव्हा दोन हाडांमधली फट मला चष्म्याशिवाय दिसली. मनगट जागेवर राहत नाही, म्हणून ते वाजतं आणि म्हणून चरव्या पडतात. मालिशवाला चोळत होता ती लचक नव्हतीच.

असंच ठेवलं तर हाडं एकमेकांवर घासून झिजतील आणि पकड कायमची जाईल. ऑपरेशन केलं तर नवी पट्टी बसवतात, हाडं तारांनी धरून ठेवतात, दोन महिने प्लास्टर आणि मग व्यायाम. हात अगदी पहिल्यासारखा होणार नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण धार काढता येईल म्हणाले. मीच विचारलं होतं. तुम्ही तेव्हा छताकडे बघत होतात.

उशीर करण्यात अर्थ नाही. तारीख घेऊ का?

उज्ज्वला

चरव्यांबद्दल मला कसं कळलं हे विचारू नये.


लोणी काळभोर
२६ जानेवारी २०२५

विहीणबाई,

बांगड्या भरायला जाऊ म्हनून तुमी मला रिक्षात बसवलं. रिक्षा थांबली, आत गेलो, तर भिंतीवर सगळीकडं हातांचीच चित्रं. मला वाटलं शहरातलं मोठं दुकान असंल, हाताचं माप घेऊन बांगड्या देत असतील. अर्धा तास मी हिरव्या घ्याव्या का लाल याचा इचार करत बसले. आन् मग एक मानूस येऊन माझं मनगट पिरगाळतो, वर इचारतो, दुखतं का! दुखंल न्हाईतर काय!

ऑपरेशन मी करनार न्हाई. देवानं दिलेलं मनगट, त्यात तारा कशाला? दोन महिने हात गळ्यात बांधून बसले तर चिमणीची धार कोन काढंल? हे? यांना बघितलं की ती शिंगं हलवती. गावात काय सांगू, विहिणीबरं फुगडी खेळले म्हनून हात कापून आले?

आन् चरव्यांचं तुमाला कुनी सांगितलं ते मला कळलंय. त्यो मानूस आज पिठलं खाऊन झोपनार.

इंदुबाई

ता. क. पिठल्याची बाब खरी आहे. तरीही कळविणे कर्तव्य समजतो. ती घाबरली आहे. ऑपरेशन म्हणजे हात मनगटापासून वेगळा काढून पुन्हा लावतात, अशी तिची समजूत झाली आहे. मी समजावून पाहिले, परंतु माझ्या शब्दाला या घरात वजन नाही. आपल्या शब्दाला असावे असा अंदाज आहे, कारण आपले पत्र ती दोनदा वाचायला लावते.
द. का.


कोथरूड
३१ जानेवारी २०२५

सौ. इंदुबाई काळभोर, वधूमाय, यांस
श्रीमती उज्ज्वला आगाशे, वरमाय, यांजकडून.

हे पत्र खाजगी नाही. मानपानाचं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर वाचावं.

वरमायेने लग्नात रुसायचं असतं आणि ती मागेल ते देऊन मुलीकडच्यांनी तिची समजूत काढायची असते, ही रीत तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या आईने पाळली, तिच्या आईने पाळली. आता आठवून बघा. आपल्या लग्नात मी रुसले होते का? तुम्ही पडलात, सगळी धावाधाव झाली, त्यात माझा रुसवा राहून गेला. पंक्तीत वाढलेलं मी मुकाट्याने जेवले. जिलबी गार होती, तरी जेवले.

तो रुसवा मी आता करत आहे. आज सकाळपासून रुसले आहे. राहून गेलेला रुसवा बाद होतो असं कुठे ऐकलं असेल तर कळवा, माझ्या ऐकिवात नाही.

मला पैठणी नको. चांदीचं ताट नको. विहिणीची पंगत नको. मला तुमचं उजवं मनगट दुरुस्त झालेलं हवं आहे. ते होईपर्यंत मी रुसलेली. वरमाय रुसून बसली आणि काळभोरांनी तिला तशीच बसवून ठेवली, हे लोणीत कसं दिसेल त्याचा विचार तुम्हीच करा. माझं काय, मला रुसून बसायला आवडतं, निवृत्त आहे.

आता वरमाय बाजूला ठेवून सांगते. हात काढून पुन्हा लावत नाहीत हो. मनगटावर एवढासा छेद घेतात, आतलं शिवतात आणि वरून टाके घालतात. तुम्ही आत असाल तोवर मी दाराशी बसून राहीन. बाहेर याल तेव्हा पहिलं भांडण माझ्याशीच करा.

रुसलेली,
उज्ज्वला


लोणी काळभोर
२ फेब्रुवारी २०२५

विहीणबाई,

तुमी लई पोचलेल्या हाय. पत्र यांनी भावकीसमोर वाचलं, मी नको म्हनत असताना. आता थोरल्या जाऊबाई पन म्हनत्यात, वरमाय रुसलीय तर समजूत काढलीच पायजे, घराण्याचं नाव हाय.

म्हनून हात देते. रीत म्हनून देते, तुमी सांगितलं म्हनून न्हाई. पर दवाखान्यातनं थेट लोणी. तुमच्या घरात पाय टेकनार न्हाई आन् पाणी घेनार न्हाई.

जिलबी गार नव्हती.

इंदुबाई

ता. क. वरमायेचा रुसवा या कार्यालयात दाखल करून मंजूर करण्यात आला आहे. जिलबी गार होती. तारीख घ्यावी.
द. का.


लोणी काळभोर
२७ एप्रिल २०२५

उज्ज्वलाताईंना नमस्कार.

परवा तुमी इचारलंत, गप का हाय. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगात, त्या गाड्यांच्या मधी, मला सांगता आलं न्हाई. हितं सांगते.

ऑपरेशनचं प्लास्टर काढलं तवा मला वाटलं, आत माझाच हात असंल. तो माझा न्हवता. वाळल्याला, पांढरा पडल्याला, कुना दुसऱ्याच बाईचा. तारा काढल्या, डॉक्टर म्हनले सगळं जागेवर बसलंय, झ्याक काम झालंय. पर मनगट वाकत न्हाई. पेला धरते तर बोटं थरथरत्यात. मला भ्या वाटतंय, ताई. धार न्हाई, भाकरी न्हाई, येनी घालता येत न्हाई. हात असाच ऱ्हायला तर मी बसून खानारी म्हातारी झाले की. हे यांना लिवायला सांगताना सुदीक लाज वाटती.

ती तुमच्या मागच्या गल्लीतली व्यायामवाली शेफाली पोरगी चांगली हाय. ती म्हनती मनगट तिरकं फिरवून बाण फेकल्यासारखं करा. मी म्हनलं, कोंबड्यांना दाणं टाकतो तसं? ती म्हनली, हां, तसंच. मग तुमी कुठनं तरी ते रबरी बाण घेऊन आलात आन् पार्किंगातल्या नोटिशीच्या फळ्यावर मारायला लावलेत. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. चेअरमनच्या सूचनेवर नेम बसला तवा तर लईच बरं वाटलं.

पर तुमी माझ्यापायी डबा घेऊन खाली येऊन बसता, ते बरं दिसत न्हाई. आठवड्यातनं तीनदा! वर पंख्याखाली जेवा की. मी माझी भाकरी खाते, माझ्या बाटलीतलं पाणी पिते, माझं काय अडत न्हाई.

इंदुबाई

ता. क. बसच्या धक्क्यांनी हात सुजतो. घरी व्यायाम दिवसातून एकदाच होतो, तोही मी ओरडल्यावर. मंगळवारी डाव्या हाताने बादली उचलताना उजवाही लावला. आपणास कळवू नये अशी ताकीद आहे.
द. का.


कोथरूड
२ मे २०२५

सौ. विहीणबाईंस सप्रेम नमस्कार.

आधी आनंदाची बातमी. आपल्या सोसायटीच्या फळ्यावर नवी सूचना लागली आहे. ‘पार्किंग वाहनांसाठी आहे. विहिणींसाठी नाही.’ मी खाली लिहून आले, ‘विहिणी तासाभरात हलतात, तुमची गाडी चार वर्षं हललेली नाही.’

आता दुसरी. काल तुम्ही गेल्यावर शेफालीने मला थांबवून घेतलं. म्हणाली, हे दोन महिने महत्त्वाचे आहेत. मनगट आत्ता मोकळं झालं तर झालं, नाहीतर असंच आखडून राहील. दिवसातून पाच वेळा, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत, व्यायाम झाला पाहिजे, आणि बस नको, बादल्या नकोत. म्हणजे निदान एक महिना इथेच राहायला पाहिजे. ‘आँटींना कन्व्हिन्स करा ना, प्लीज,’ असं म्हणाली. तिला वाटतं तुम्हाला कन्व्हिन्स करता येतं. लहान आहे.

मी तुम्हाला पार्किंगमध्ये विचारलं होतंच. तुम्ही म्हणालात, लेक नांदते त्या घरचं पाणी नाही. मी म्हटलं, घर माझ्या नावावर आहे. तुम्ही म्हणालात, ‘नाव दारावर असतंय, नांदनं घरात असतंय.’ मी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं लोकांची तोंडं बंद केली, हे वाक्य मात्र घरी जाऊन वहीत उतरवून ठेवलं. नातवंडासाठी ऋतुजाला घाई करा असंही मी म्हणणार नाही. मनगटाच्या औषधासाठी कुणी मूल जन्माला घालत नाही.

तेव्हा या विषयावर मी यापुढे वाद घालणार नाही. तुम्ही तुमची रीत पाळा. पुढचे पंधरा दिवस मी जरा कामात आहे, पार्किंगमध्ये येता येणार नाही. शेफालीकडे मात्र न चुकता या.

उज्ज्वला


लोणी काळभोर
१९ मे २०२५

उज्ज्वला आगाशे यांना,

आमच्या भावकीतली कात्रजची बायडाबाई काल तुमच्या गल्लीतनं चालली व्हती. तिनं तुमच्या दारात टेम्पो बघितला. टेम्पोत माझ्या लेकीचं कपाट, लेकीची गादी, रुखवतातली भांडी. आन् तुमी गॅलरीत उभ्या राहून हमालांना सांगत व्हता, लवकर उचला, आज घर मोकळं झालं पायजे.

लग्नाला सहा महिने झालं न्हाईत. माझी लेक घराबाहेर काढलीत? तिला फोन केला तर हसती, म्हनती, आई, सगळं मस्त हाय, तू टेन्शन घेऊ नको. लेक आईला असं म्हनती तवा आईनं काय समजायचं असतं, ते मला कळतं. तुमाला लेक न्हाई.

म्हनून पंधरा दिस कामात व्हता तुमी. पार्किंगात गोड बोलायचं आन् वर जाऊन लेकीचं सामान बांधायचं. माझ्या हातानं तुमाला इतका तरास झाला व्हता तर मला सांगायचं. पोरीवर राग काढायचा न्हाई.

शेफालीकडं मी आता येनार न्हाई. हात वाळू दे न्हाईतर गळून पडू दे. त्या गल्लीत माझा पाय पडनार न्हाई.

इंदुबाई

या पत्रास ता. क. नाही. मी तिच्या मताचा आहे. पत्र मी स्वतः येऊन आपल्या दारात टाकत आहे, बेल वाजविणार नाही.
दशरथ काळभोर


कोथरूड
२० मे २०२५

सौ. इंदुबाई,

विक्रम मोटारसायकलवरून हे पत्र घेऊन येतो आहे. त्याला बसवून घ्या, पाणी द्या. त्याला तुमच्या घरचं चालतं.

होय, काढलं त्यांना. पुढच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोघांना बसवून सांगितलं की इंदुबाईंचा हात बरा व्हायचा असेल तर या घरात त्यांची लेक नांदता कामा नये. ऋतुजा आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, ‘आई, आईला आत्ता सांगायचं नाही हं, तिला कळलं तर ती येऊन सामान परत वर चढवेल.’ म्हणून गप्प राहिलो. बायडाबाई त्याच दिवशी आमच्या गल्लीतून जातील हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि तुमच्या लेकीचं हसणं खरं आहे. नव्या नवरा-बायकोला दोन खोल्या मिळाल्या की काय होतं, ते तुम्हाला कळतं, मलाही कळायचं एके काळी. मला वाटलं होतं, विक्रम निदान एकदा तरी म्हणेल, आई, तू एकटी कशी राहशील? तो म्हणाला, ‘आई, फ्रिज आम्ही नेला तर चालेल?’ नेला. काल मी दूध दोनदा तापवलं, तरी नासलं. घर फार शांत झालं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. तुमच्यापाशी लपवून काय उपयोग, लेखनिकाच्या बायकोपासून काही लपत नाही.

आता तुमचाच नियम. लेक जिथे नांदते तिथलं पाणी नाही. इथे ती नांदत नाही. दारावर माझं नाव आहे आणि आतही मीच आहे, दुसरं कुणी नाही. विक्रमची खोली रिकामी आहे, खिडकीतून शेफालीचा दवाखाना दिसतो.

हे सगळं मी एका मनगटासाठी का केलं, असं भावकीत कुणी विचारलं तर काहीही सांगा. तुम्हाला खरं सांगते. हळदीच्या दिवशी मी मागच्या खुर्चीत बसले होते. हे गेल्यापासून मी हळदीला मागेच बसते. कुणी बोलवत नाही, मी अपेक्षा करत नाही, मुलाची हळद असली तरी. तुम्ही पुढून उठून आलात, सगळ्या मांडवादेखत माझ्या दोन्ही गालांना हळद लावलीत आणि उजव्या हाताने मला ओढून फुगडीला उभं केलंत. तेव्हा तुम्ही कुणाची रीत विचारली नाहीत. बारा वर्षांत मला कुणी असं हाताला धरून उठवलं नव्हतं. तो हात आखडलेला मी बघणार नाही. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, आणखी चार शब्द जास्त म्हणा, पण या.

उज्ज्वला


लोणी काळभोर
२४ मे २०२५

लेखनिकाची सूचना, आरंभीच, कारण या खेपेस ता. क. लिहिण्यास सक्त मनाई आहे : मागील पत्रातील माझा शेरा मी बिनशर्त मागे घेत आहे. धार मी काढीन. म्हशीची संमती अद्याप मिळालेली नाही. आपण हिला महिनाभर ठेवून घ्यावे, दीड झाला तरी या बाजूने हरकत नाही.

उज्ज्वलाताईंना इंदुबाईचा नमस्कार.

मी मागं जे लिवलं ते मागं घेते. न्हाई, मागं घेत न्हाई, पर तुमी वाचलंच न्हाई असं समजा. ‘तुमाला लेक न्हाई’ हे तेवढं मागं घेते. ऋतुजा तुमाला आई म्हनती, मला ठाव हाय.

तुमचं पत्र यांना तीनदा वाचायला लावलं. हळदीचं आलं की हे घसा खाकरायला थांबत्यात, म्हनून लई वेळ लागला. ताई, तुमाला ओढलं त्यात मी काय मोठं केलं न्हाई. वरमाय मागं बसली तर मी फुगडी कुनाबरं खेळायची?

बायडाबाईला बोलावून घेतलं. ती जुनी हाय, सगळ्या रीती तिला पाठ. तिला इचारलं, लेक जिथं नांदत न्हाई ते घर कुनाचं? ती म्हनली, विहिणीचं. मग इचारलं, विहिणीच्या घरी ऱ्हायला, जेवायला बंदी हाय का? तिनं बोटांवर सगळ्या रीती मोजल्या. म्हनली, असं आजवर कुनी केलंच न्हाई, म्हनून बंदी घालायचं कुनाला सुचलं न्हाई.

ऋतुजाच्या त्या दोन खोल्यांत मात्र मी पाण्याचा थेंब घेनार न्हाई, तिला आत्ताच सांगून ठेवा. आन् फ्रिज परत मागून घ्या, जावईबापू झाले म्हनून काय झालं.

उद्या सकाळी येते. माठ भरून ठेवा. संक्रांतीपासनं तुमच्या दारात येते-जाते, ताई, लई तहान लागलीय.

तुमची,
इंदुबाई